‘गेम ऑफ थ्रोन्स’चे पुढे काय होणार? : फॅन थिअरींची गोष्ट

कथेचा जो भाग अजून सांगितला गेलेला नाही, त्याविषयी वाचकाने किंवा प्रेक्षकाने आतापर्यंतच्या कथेतले पुरावे गोळा करून मांडलेला तर्क म्हणजे फॅन थिअरी. ‘शेवटी अमुक मरणार’ एवढेच म्हणणे हा नुसता अंदाज झाला. कोणत्या प्रकरणात कोणता तपशील आला, एरवी तो तिथे येण्याचे कारण नव्हते, त्याचा दुसऱ्या कोणत्या तपशिलाशी सांधा जुळतो आणि त्यातून पुढची कोणती घटना निघते, एवढे दाखवता आले की अंदाजाची थिअरी होते. हप्त्याहप्त्याने येणाऱ्या कथेवर ती पोसली जाते, कारण दोन हप्त्यांमधला मोकळा वेळ हेच तिचे खाद्य आहे.

ही सवय टेलिव्हिजनपेक्षा बरीच जुनी आहे. चार्ल्स डिकन्सची ‘बार्नबी रज’ १८४१ साली साप्ताहिक हप्त्यांनी प्रसिद्ध होत होती. कथेने जेमतेम वेग घेतला असतानाच एडगर ॲलन पो याने अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहून खुनी कोण ते सांगून टाकले. खुनी त्याने बरोबर ओळखला. इतर काही तर्क चुकले आणि पुढच्या वर्षी पूर्ण कादंबरीचे परीक्षण करताना त्याने त्यांचाही हिशेब दिला. डिकन्सच्याच ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ने तर वाचकांना कायमचे टांगून ठेवले. बारा भागांची योजना होती. सहा भागांपुरता मजकूर लिहून झाला आणि जून १८७० मध्ये डिकन्स गेला. एडविनचे काय झाले याचे तर्क पुढे कित्येक दशके चालूच राहिले. ७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये कादंबरीतल्या संशयितावर चक्क लुटुपुटूचा खटला भरवण्यात आला. न्यायाधीश होता जी. के. चेस्टरटन आणि ज्यूरीचा प्रमुख बर्नार्ड शॉ. ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. चेस्टरटनने मग स्वतःखेरीज उपस्थित सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवून कामकाज आटोपले.

टेलिव्हिजनवर हा खेळ रंगायला व्हीसीआर यावा लागला. १९९० साली ‘ट्विन पीक्स’चे प्रेक्षक एपिसोड टेप करून ठेवत आणि एकेक चौकट थांबवून पाहत. २००४ ते २०१० या काळात ‘लॉस्ट’ने त्यावर कडी केली. बेटावरची सगळी माणसे आधीच मेलेली आहेत, ही त्या मालिकेविषयीची थिअरी निर्मात्यांनी वारंवार नाकारली, तरी ती शेवटपर्यंत हटली नाही. भारतातही जुलै २०१५ ते एप्रिल २०१७ अशी जवळपास दोन वर्षे ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले?’ या एका प्रश्नावर चहाच्या टपरीपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत तर्क लढवले गेले. या सगळ्यांत सर्वांत मोठा, सर्वांत तपशीलवार आणि निकालाच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रकार मात्र ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा.

या मालिकेचा आधार म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही कादंबरीमाला. तिचे पहिले पुस्तक ऑगस्ट १९९६ मध्ये आले, तिसरे २००० साली, चौथे २००५ साली आणि पाचवे जुलै २०११ मध्ये. सहावे, ‘द विंड्स ऑफ विंटर’, अजूनही प्रसिद्ध झालेले नाही. दरम्यान एचबीओवर १७ एप्रिल २०११ रोजी मालिका सुरू झाली आणि आठ सीझन, ७३ भागांनंतर १९ मे २०१९ रोजी संपलीसुद्धा. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे तिचे निर्माते. पुस्तकांमधली पाच-सहा वर्षांची अंतरे वाचकांना जुनी पाने पुन्हा पुन्हा चाळायला भाग पाडणारी होती, आणि नेमक्या त्याच फुरसतीत थिअऱ्या पिकल्या.

नुसत्या फुरसतीने मात्र भागत नाही. मजकूरही तसा लागतो. मार्टिन यांच्या बहुतेक प्रकरणांना एका पात्राचे नाव असते आणि प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतूनच सांगितलेले असते. ते पात्र जे पाहते, आठवते किंवा टाळते, तेवढेच वाचकाच्या हाती लागते. त्यातही आठवण खरी असेलच असे नाही. दुसऱ्या पुस्तकात राजधानीवर हल्ला होतो त्या रात्री सॅन्डोर क्लिगेन हा योद्धा सान्सा या मुलीच्या खोलीत येतो. त्या प्रसंगात चुंबन नाही. पुढच्या पुस्तकांत सान्साला मात्र त्याने आपले चुंबन घेतल्याचे आठवत राहते. ही लेखकाची चूक असावी असे काहींना वाटले होते. ती जाणूनबुजून केलेली योजना असल्याचे मार्टिन यांनी स्पष्ट केले. कथा सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा वाचकाला एकदा मिळाला की तो प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहू लागतो.

या संशयाचे सर्वांत गाजलेले फळ म्हणजे ‘आर + एल = जे’. पहिले पुस्तक आल्यानंतर वर्षभरातच, १९९७ च्या सुमारास, ही थिअरी वाचकांच्या चर्चांत दिसू लागली होती. जॉन स्नो हा नेड स्टार्क या सरदाराचा अनौरस मुलगा म्हणून वाढतो. त्याची आई कोण, ते नेड कोणालाच, अगदी बायकोलाही सांगत नाही. थिअरीचे म्हणणे असे की जॉन नेडचा मुलगाच नव्हे. तो रेगार टार्गेरियन हा राजपुत्र आणि नेडची बहीण लियाना यांचा मुलगा आहे.

पुरावे पुस्तकभर विखुरलेले आहेत. जाहीर हकिकत अशी, की रेगारने लियानाला पळवून नेले, तिच्यावर अत्याचार केला आणि त्यातूनच बंड पेटले. पण ही हकिकत सांगतो तो रॉबर्ट, म्हणजे लियानाचा वाग्दत्त वर आणि रेगारचा जीव घेणारा माणूस. दुसरीकडे, हॅरनहॉलच्या स्पर्धेत जिंकल्यावर रेगारने आपली बायको एलिया हिला ओलांडून निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाच्या मांडीवर ठेवल्याचे नेडला आठवते. लियाना रक्ताने माखलेल्या बिछान्यावर मरते आणि मरताना भावाकडून एक वचन घेते. ते वचन कोणते हे नेड मनातसुद्धा उच्चारत नाही, फक्त त्याची किंमत आठवत राहतो. नेडच्या नजरेतून लिहिलेली प्रकरणे १५ आहेत. त्यांत आपल्या मुलांची आठवण काढताना जॉनचे नाव त्यांच्या रांगेत येत नाही. दुसऱ्या पुस्तकात रेगारची बहीण डनेरिस हिला दिसणाऱ्या दृष्टान्तांत बर्फाच्या भिंतीच्या फटीत उगवलेले एक निळे फूल आहे. आणि जॉन उत्तरेतल्या बर्फाच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या दलातच असतो.

या सगळ्यांत वजनदार पुरावा फुलांचा नाही, तीन माणसांचा आहे. लियाना ज्या मनोऱ्यात मरते त्याच्या दाराशी राजाच्या अंगरक्षक दलातले तिघे उभे असतात आणि त्यांत दलाचा सेनापतीही असतो. राजा मेलेला आहे, रेगार मेलेला आहे, धाकटा राजपुत्र समुद्रापलीकडच्या किल्ल्यात आहे. राजाच्या रक्षणाची शपथ घेतलेले हे तिघे त्याच्याकडे न जाता एका ओसाड खिंडीतल्या मनोऱ्यापाशी का थांबले? नेड आणि त्याचे सहा साथीदार समोर आल्यावरही ते हटत नाहीत, लढून मरतात. शपथ मोडली नसेल, तर रक्षण करण्याजोगा वारस त्या मनोऱ्यातच होता, एवढे एकच उत्तर उरते. नेडच्या मौनाचाही उलगडा यातून होतो. रेगारच्या दोन लहान मुलांची हत्या झाली तेव्हा रॉबर्टने हूं की चूं केले नव्हते. तिसरा मुलगा जिवंत असल्याचे कळले असते तर त्याचीही गत तीच झाली असती.

महाभारतात कर्णाच्या जन्माचे रहस्य ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असते. अज्ञानात असतात ती पात्रे, आणि त्यामुळे कर्णाच्या वाट्याला येणारा प्रत्येक अपमान ऐकणाऱ्याला दुप्पट लागतो. मार्टिन यांनी वाचकालाही पात्रांच्याच बाजूला उभे केले आहे. रहस्य सांगितलेले नाही, पण लपवलेलेही नाही.

बेनिऑफ आणि वाइस मालिकेचे हक्क मागायला गेले, तेव्हा मार्टिन यांनी त्यांना जॉनची आई कोण असे विचारले होते, आणि दोघांनी बरोबर उत्तर दिले होते. पडद्यावर त्याचा उलगडा २६ जून २०१६ रोजी, सहाव्या सीझनच्या अखेरच्या भागात झाला. तोही एकदम नव्हे. मे महिन्यातल्या एका भागात मनोऱ्यासमोरची लढाई दाखवून नेड पायऱ्या चढू लागतो तिथेच दृश्य तोडले होते. अखेरच्या भागात लियाना बाळाचे नाव भावाच्या कानात सांगते, पण ते ऐकू येत नाही. लगेच तिच्या ओठांच्या हालचालीवरून नाव ओळखण्याची चढाओढ लागली आणि जेहेरिस हे नाव बरेच चालले. प्रत्यक्षात ते एगॉन निघाले, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. जवळजवळ वीस वर्षे घोळवलेली थिअरी खरी ठरली तेव्हा ‘हे तर आधीच माहीत होते’ अशी कुरकुर फारशी झाली नाही. उलट तो भाग मालिकेतल्या सर्वांत वाखाणल्या गेलेल्या भागांपैकी एक आहे.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ साली बारा लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधीच सांगून कथा वाचायला दिलेल्या वाचकांना त्या सरासरीने जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. पण रहस्य कळले की मजा संपली, हे सरसकट खरे नाही, एवढे त्यावरून दिसते.

सगळ्या थिअऱ्या जन्मरहस्याच्या नसतात. बऱ्याच भाकितांवर उभ्या असतात. कंसाला आकाशवाणीने मृत्यू कोणाच्या हातून येणार ते सांगितले आणि तो टाळण्यासाठी त्याने जे जे केले त्यातूनच तो ओढवला. सर्सी लॅनिस्टरची अवस्था पुस्तकांत काहीशी तशीच आहे. लहानपणी एका जोगतिणीसारख्या बाईने तिला सांगितलेले असते, की मुले तिच्या डोळ्यांदेखत मरतील आणि शेवटी धाकटा भाऊ तिचा गळा आवळेल. सर्सी हे टिरियनवर लावते आणि त्याचा आयुष्यभर द्वेष करते. वाचकांनी जेमीकडे बोट दाखवले. तो तिचा जुळा भाऊ, पण जन्मला तिच्या पाठोपाठ, म्हणजे धाकटा तोही. मालिकेने पाचव्या सीझनच्या पहिल्याच भागात हा प्रसंग दाखवला, पण धाकट्या भावाचे भाकीत त्यातून गाळले. ते गाळल्याची नोंद प्रेक्षकांनी घेतली, तरी थिअरी काही सोडली नाही. शेवटी सर्सी जेमीच्या मिठीतच, पण कोसळत्या राजवाड्याच्या दगडविटांखाली मेली.

दुसरे भाकीत आणखी मोठे: धुरातून आणि मिठातून, रक्ताळलेल्या ताऱ्याखाली जन्म घेणारा तारणहार. डनेरिसच्या बाजूने पुरावे उघड आहेत. तिची चिता, तिचे ड्रॅगन आणि आकाशातला धूमकेतू. जॉनच्या बाजूचे पुरावे शोधायला डोळ्यांत तेल घालावे लागते. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी त्याच्याच माणसांनी त्याला भोसकले तेव्हा थंडीत जखमेतून वाफ निघते, हा धूर. वार करणाऱ्या बोवेन मार्शच्या गालांवर अश्रू आहेत, हे मीठ. आणि काही क्षण आधीच एका राक्षसाने ज्या सरदाराला आपटून मारलेले असते, त्याच्या अंगरख्यावर ताऱ्यांचे चिन्ह आहे. तीन खुणा एका पानाच्या आसपास याव्यात हा योगायोग म्हणायचा की योजना, यावर वाचकांत एकमत नाही. दोन खुणा योगायोगानेही आल्या असत्या. रक्ताने भिजलेल्या तारांकित अंगरख्याची तिसरी खूण पाहता योजनेचीच शक्यता जास्त वाटते.

तिसरा प्रकार ‘प्रेत दिसले नाही तर माणूस मेला नाही’ या नियमावर चालतो. सॅन्डोर क्लिगेन जखमी अवस्थेत मागे टाकला जातो. पुढच्या पुस्तकात एका बेटावरच्या मठात लंगडणारा, धिप्पाड, तोंड झाकलेला कबर खोदणारा दिसतो. तबेल्यात सॅन्डोरच्याच घोड्यासारखा बेफाम घोडा असतो. एवढ्यावरून वाचकांनी ताडले, आणि ५ जून २०१६ च्या भागात सॅन्डोर जिवंत परतला. त्याची आणि थोरल्या भावाची लढत होणार हा तर्कही मे २०१९ मध्ये खरा झाला.

जॉनच्या मृत्यूबाबत पुस्तकातल्या पुराव्यांना बाहेरच्या पुराव्यांची जोड मिळाली. जून २०१५ मध्ये पाचवा सीझन त्याच्या प्रेतावर संपला. निर्माते तो मेला म्हणजे मेलाच असे सांगत राहिले. पण बेरिक डॉन्डेरियनला एका देवतेचा पुजारी अनेकदा जिवंत करतो हे आधी दाखवलेले होते, त्याच देवतेची पुजारीण मेलिसांड्रे जॉन मेला त्याच किल्ल्यात येऊन बसली होती, आणि जॉनचे काम करणाऱ्या किट हॅरिंग्टनने केस कापले नव्हते. १ मे २०१६ रोजी जॉनने डोळे उघडले, तेव्हा धक्का असा कोणाला बसला नाही.

केसांवरून काढलेले अनुमान आणि मनोऱ्यावरच्या तिघांवरून काढलेले अनुमान यांत फरक आहे. दुसऱ्यात कथेचा अभ्यास आहे, पहिल्यात नटाच्या हालचालींवर पाळत. फुटलेला मजकूर तर थिअरीत धरताच येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग प्रक्षेपणाआधीच बाहेर पडला. तो भारतातून फुटल्याचे निघाले आणि मुंबईत चौघांना अटक झाली. अमेरिकेत रविवारी रात्री लागणारा भाग इथे सोमवारी सकाळी साडेसहाला दिसत असे आणि पुण्या-मुंबईतले कित्येक जण ऑफिसला निघण्याआधी तो उरकत, कारण दुपारपर्यंत कोणीतरी काहीतरी बोलून जाई.

थिअऱ्या वाढल्या की त्यांत भुसाही येतो. टिरियन हा टार्गेरियन आहे, नेडचा मुलगा ब्रॅन हाच मृतांच्या सैन्याचा राजा नाइट किंग आहे, रूस बोल्टन रक्तपिपासू असून माणसांची कातडी पांघरून पिढ्यान्‌पिढ्या जगतो, हेरखात्याचा प्रमुख व्हॅरिस प्रत्यक्षात जलमानव आहे. शेवटच्या दोन थिअऱ्या बरेच जण गंमत म्हणून मांडतात, तर काही जण मनापासून. नावानिशी हजाराहून अधिक पात्रे आणि हजारो पानांचा मजकूर असला की बादरायण संबंध कशाचाही कशाशी जोडता येतो. ज्याला जे शोधायचे असते ते त्याला सापडते आणि विरुद्ध जाणारा तपशील नजरेआड होतो.

सुतावरून स्वर्ग गाठणारे सगळेच फसतात असेही नाही. पाचव्या पुस्तकात वायमन मँडरली हा सरदार लग्नाच्या मेजवानीला तीन भल्यामोठ्या ‘पाई’ घेऊन येतो, म्हणजे मांस भरून भाजलेल्या कणकेच्या परड्या. स्वतः दोनदोनदा वाढून घेतो आणि गवयाला उंदीर झालेल्या आचाऱ्याचे गाणे म्हणायला सांगतो. त्याच्याबरोबर प्रवासाला निघालेले फ्रे घराण्यातले तिघे वाटेत नाहीसे झालेले असतात. मजकूर याहून एक शब्द जास्त बोलत नाही. पण त्या आचाऱ्याची कथा तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे ११ वर्षे आधी येऊन गेलेली होती: त्याने राजाला त्याच्याच मुलाचे मांस खाऊ घातले होते. तीन माणसे, तीन ‘पाई’. ही थिअरी आता थिअरी म्हणून कोणी धरतही नाही. मालिकेने मँडरलीचा प्रसंग वगळला, पण तोच सूड नेडची मुलगी आर्या हिच्या हातून घडवला.

उलट उदाहरण कोल्डहँड्सचे. थंडगार काळ्या हातांचा हा गूढ स्वार म्हणजे जॉनचा हरवलेला काका बेंजेन, असे वाचकांना वर्षानुवर्षे वाटत होते. पुस्तकाच्या संपादक ॲन ग्रोएल यांनाही तसेच वाटले. पाचव्या पुस्तकाचे हस्तलिखित टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कुशिंग ग्रंथालयात आहे. त्याच्या समासात त्यांनी तशी विचारणा केली आहे आणि मार्टिन यांनी ठळक ‘नाही’ लिहिले आहे. २०१५ साली एका वाचकाने ते पान शोधून काढल्यावर प्रश्न मिटला. पुढच्याच वर्षी मालिकेने कोल्डहँड्सचे काम बेंजेनलाच देऊन टाकले! थिअरी पुस्तकात चुकली आणि पडद्यावर जमली.

इथे थिअऱ्यांचा खरा पेच दिसतो. थिअरी वरकरणी कथेविषयी असते, पण तिचा हिशेब असतो तो कथा सांगणाऱ्याच्या सवयींवर. मार्टिन तपशील वाया घालवत नाहीत, जुने सूत अनेक वर्षांनी उचलतात, भाकिते शब्दशः खरी करतात पण अर्थ फिरवतात, हे वाचकांनी हेरले होते. स्वतःला ते माळी म्हणवतात. आधी नकाशा काढून घर बांधणारा लेखक वेगळा आणि बी पेरून काय उगवते ते पाहणारा वेगळा, असे त्यांचे म्हणणे. १९९३ साली त्यांनी आपल्या एजंटला पाठवलेला आराखडा २०१५ मध्ये उघड झाला. त्यात ही तीनच पुस्तकांची माला होती आणि जॉन व आर्या यांचे प्रेम जुळणार होते. एवढे बदलूनही पेरलेल्या खुणा मात्र त्यांनी उपटल्या नाहीत. २०१४ साली एडिंबरा इथल्या पुस्तक महोत्सवात त्यांनी सांगितले, की एक-दोन वाचकांनी शेवट ओळखला आहे. पण ओळखला म्हणून तो बदलला, तर आधी पेरलेले सगळे धागे फुकट जातात.

हे पथ्य सगळेच पाळत नाहीत. ‘वेस्टवर्ल्ड’च्या पहिल्या सीझनमधली उलटापालट प्रेक्षकांनी आधीच ओळखली, आणि पुढच्या सीझनमधला एक धक्काही ओळखला गेल्यावर तो बदलल्याचे मालिकेचा सहनिर्माता जोनाथन नोलन याने सांगितले होते. काही लेखकांना थिअऱ्या वाचायचीच धास्ती असते आणि त्यामागे कायदा आहे. ‘बॅबिलॉन ५’चा जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की प्रेक्षकांशी इंटरनेटवर बोलत असे. एका चाहत्याने त्याच्या ठरलेल्या कथेशी जुळणारी कल्पना मांडली आणि कल्पना कोणाची यावरून वाद होऊ नये म्हणून तो भाग त्या चाहत्याचे लेखी संमतिपत्र हाती येईपर्यंत बाजूला ठेवावा लागला.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाचव्या-सहाव्या सीझनपर्यंत पुस्तकांच्या पुढे निघून गेली. मार्टिन यांनी निर्मात्यांना पुढचे काही मुख्य टप्पे सांगितले होते. छोट्या शिरीनला जाळले जाणे आणि होडोरच्या नावाचे मूळ हे त्यांतले दोन, असे निर्मात्यांनीच सांगितले आहे; ब्रॅन राजा होतो हेही मार्टिन यांच्याकडूनच आल्याचे ब्रॅनचे काम करणारा आयझॅक हेम्पस्टेड राइट याने सांगितले. टप्पे मार्टिनचे, मधली वाट मात्र बेनिऑफ-वाइस यांची. पुराव्याचे स्वरूपही बदलले. पुस्तकातला प्रत्येक शब्द कोणीतरी मुद्दाम लिहिलेला असतो. पडद्यावरची प्रत्येक वस्तू मुद्दाम ठेवलेली असतेच असे नाही. ५ मे २०१९ च्या भागात मेजवानीच्या मेजावर आधुनिक कॉफीचा कागदी कप राहून गेला होता. त्याचा अर्थ लावत बसण्यात अर्थ नव्हता.

त्यामुळे शेवटच्या सीझनमध्ये जुन्या थिअऱ्या धडाधड कोसळल्या. २८ एप्रिल २०१९ रोजी नाइट किंगला आर्याने मारले. हे आपण सुमारे तीन वर्षांपूर्वी ठरवले होते आणि जॉनने मारणे हे अपेक्षितच झाले असते, असे निर्मात्यांनी सांगितले. तिसऱ्या सीझनमध्ये मेलिसांड्रेने आर्याला वेगवेगळ्या रंगांच्या डोळ्यांविषयी ऐकवलेले शब्द त्यासाठी खूण म्हणून पुन्हा आणले गेले. ते त्या हेतूने लिहिलेले नव्हते हे सहज दिसते. तारणहाराचे भाकीत, जॉनचा जन्म, त्याचे मरून उठणे, या सगळ्यांचा त्या लढाईच्या निकालाशी काहीच संबंध उरला नाही. प्रेक्षकांना धक्का बसला खरा, पण जॉनच्या जन्माचे अपेक्षित उत्तर मिळाले तेव्हाचे समाधान या अनपेक्षित उत्तराने दिले नाही.

डनेरिसचे उदाहरण नेमके उलटे आहे. ती शेवटी जुलमी होईल अशी थिअरी अल्पमतात का होईना, जुनी होती. मीरीन शहरात गुलामांच्या १६३ मालकांना खांबांवर खिळणे आणि टार्ली पितापुत्रांना जिवंत जाळणे, हे त्या थिअरीचे पुरावे. १२ मे २०१९ रोजी तिने राजधानी जाळली आणि थिअरी खरी ठरली. तरीही लोक संतापले. सीझन नव्याने लिहून काढावा या मागणीवर १५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. शेवट चुकीचा होता म्हणून हा राग आला असे म्हणता येत नाही. सहा भागांच्या सीझनमध्ये तिथवर पोचायच्या पायऱ्याच घातल्या नव्हत्या. थिअरी मांडणाऱ्यांनी त्या निर्मात्यांपेक्षा जास्त बारकाईने मोजल्या होत्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ने खेळाचे नियमच पालटले. तिचा आधार असलेले ‘फायर अँड ब्लड’ २०१८ सालीच छापून आले आहे. कोण जगते, कोण मरते, सगळे माहीत. पण ते पुस्तक एका काल्पनिक इतिहासकाराने लिहिलेल्या बखरीच्या रूपात आहे. त्याची साधने म्हणजे दरबारातला विदूषक मशरूम, एक धर्मगुरू आणि एक राजवैद्य, आणि तिघांचे एकमेकांशी पटत नाही. साहजिकच थिअऱ्या आता पुढे काय होणार यापेक्षा मागे खरोखर काय झाले होते याविषयी बनतात. पुस्तकात लेनॉर व्हेलॅरियनचा जत्रेत खून होतो. मालिकेत तो मेल्याचे सोंग करून निसटतो आणि बखरकाराला ते कळलेलेच नसते. अशा बदलांची मुभा सर्वांनाच मान्य आहे असे नाही. या मालिकेतल्या राजा एगॉनचा धाकटा मुलगा मेलॉर वगळल्यावर मार्टिन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे लिहिले, की एक लहानसे पात्र काढले तरी पुढच्या घटनांची साखळी तुटत जाते.

मूळ कादंबऱ्यांबाबतच्या ज्या थिअऱ्यांना मालिकेने हातच लावला नाही, त्या अजून खुल्या आहेत. त्यांत मोठी आहे यंग ग्रिफची. पाचव्या पुस्तकात हा तरुण रेगारचा वाचलेला मुलगा म्हणून सैन्य घेऊन उतरतो. मालिकेत तो नाहीच. बऱ्याच वाचकांच्या मते तो तोतया आहे, लाल ड्रॅगनच्या टार्गेरियन घराण्यातून फुटलेल्या काळ्या ड्रॅगनच्या ब्लॅकफायर शाखेचा वंशज. पुरावा म्हणून ते चौथ्या पुस्तकातली एक वरवर निरर्थक गोष्ट दाखवतात. एका खाणावळीवर काळ्या लोखंडी ड्रॅगनची पाटी होती. बंडखोरांचे चिन्ह म्हणून एका सरदाराने तिचे तुकडे करून नदीत फेकले. बऱ्याच वर्षांनी त्या ड्रॅगनचे एक डोके दूर एका बेटाच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा ते गंजून लाल झालेले होते. हा तर्क बरोबर आहे की नाही, ते मालिकेवरून ठरणार नाही. सहावे पुस्तक आले तरच ठरेल.